सरकार माझ्या खात्यात

चष्मेवाल्याने सकाळच्या चहात साखरेचा दुसरा चमचा घातला आणि सवयीने थांबला. आता टेबलाकडून आवाज यायला हवा होता, "जावईबापू, तो चमचा परत डब्यात." आवाज आला नाही. त्याने मागे वळून पाहिलं. सरकार टेबलाशी बसून मटार सोलत होत्या. त्यांनी चमच्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा शेंगेत लक्ष घातलं.

"दुसरा घातला," त्याने आपणहून कबुली दिली.

"कप तुमचा, साखर तुमची, घर तुमचं," सरकार म्हणाल्या. "मी कोण सांगणार?"

चार वर्षांत पहिल्यांदाच सासूबाई शहाणपणाचं बोलल्या असं चष्मेवाल्याला वाटलं. त्या आनंदात त्याने तिसराही घातला.

सरकार म्हणजे त्याच्या सासूबाई. चार वर्षांपूर्वी गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्या लेकीकडे पंधरा दिवसांसाठी आल्या. आठवडाभरात घरातले दिवे, नळ, औषधं आणि जावयाच्या आंघोळीची वेळ, सगळं त्यांच्या अखत्यारीत गेलं. एका संध्याकाळी दुकानातून येऊन चपला काढता काढता त्याने बायकोला हळूच विचारलं होतं, "सरकार काय म्हणतंय आज?" सरकार दारामागेच होत्या. त्या इतक्या मोकळेपणी हसल्या की ते नाव चिकटलंच. दूधवालासुद्धा त्यांना सरकार म्हणू लागला. जावयाच्या घरी राहायचं म्हणजे मनात एक बारीक काटा असतो. या नावाने तो काढून टाकला होता. पाहुणीला कुणी सरकार म्हणत नाही.

आता दुकानातलं सांगायला हवं. दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात चष्मेवाला संगणकावर गावाचा नागरिक मंच उघडून बसत असे. गेले तीन आठवडे तिथे एकच रण माजलं होतं. विजेचे नवे मीटर बसणार होते आणि कुठल्या घरात कुठलं यंत्र किती वाजता चालू होतं ते म्हणे कचेरीत बसून कळणार होतं. सरकारने तंत्रज्ञान हाती घेऊन माणसाच्या घरात कुठवर यावं, यावर गाव दुभंगलं होतं. "उंबरठ्यापर्यंत" म्हणणाऱ्यांचा पुढारी चष्मेवाला होता. समोरच्या बाजूला 'लोखंडी छत्री' असं नाव घेतलेला कुणी अज्ञात इसम होता. त्याचा चेहरा कुणी पाहिला नव्हता, पण तो कलमं आणि आकडे तोंडावर फेकत असे.

चष्मेवाल्याकडे कलमं नव्हती. खरं सांगायचं तर सरकारी माणसाशी त्याचा आयुष्यात दोनदाच संबंध आला होता, आणि दोन्ही वेळा खिडकीतला माणूस सभ्यपणे वागला होता. त्यावर काय वाद घालणार? पण दाखल्यांवाचून वाद रंगत नाही. मग त्याने दाखले मिळतील तिथून घेतले. शनिवारी दुपारी त्याने लिहिलं:

"सकाळी डोळे उघडल्यापासून सरकार मागे लागतं. हे खा, ते खाऊ नका, पंखा बंद करा, आंघोळीला इतका वेळ कशाला. आपण माणसं आहोत की कुकरच्या शिट्ट्या? सरकार एकदा घरात शिरलं की बाहेर पडायचं नाव काढत नाही. वेळीच त्याला बाहेरचा रस्ता दाखवा."

दोनशे चाळीस जणांनी पसंती दिली. "अगदी मनातलं बोललात." "आमच्याकडेही हेच." "इतकी वर्षं सहन कसं केलंत?" एकटी लोखंडी छत्री आडवी आली: "सरकार आहे म्हणून तुमचं घर उभं आहे. चार दिवस सरकार नसेल तर डोळ्यांपुढे अंधारी येईल."

सहा महिन्यांपूर्वी चष्मेवाल्याने नवा फोन घेऊन जुना सासूबाईंना दिला होता. देताना फोटो हलवले, नंबर पुसले. मंचाचं खातं तेवढं पुसायचं राहिलं. म्हणजे तो दुकानात जे लिही आणि लोक त्याला जी उत्तरं देत, ते सगळं त्या जुन्या फोनवर टिंग करून उमटत असे. वर्तमानपत्रासारखं हे आपोआप येतं, असा सरकारांचा समज होता. एरवी त्या वाचायच्या नाहीत. शनिवारी मात्र टिंग टिंग थांबेचना, म्हणून चष्मा लावून वाचायला बसल्या. दोनशे चाळीस नावं त्यांनी एकेक करून वाचली. त्यात औषधांच्या दुकानातली बाई होती आणि लेकीच्या प्रयोगशाळेतले तिघे होते.

त्यानंतर त्यांनी घरात कुणाला एका शब्दानेही टोकायचं नाही असं ठरवलं.

"आईचं काय बिनसलंय?" सोमवारी बायकोने विचारलं. ती रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करायची. कारणाशिवाय काही वर-खाली होत नाही यावर तिची श्रद्धा होती.

"काही नाही. उलट सुधारल्यात."

"तू काय केलंस?"

"मी कुठे काय केलं? मी दिवसभर दुकानात असतो."

"काहीतरी नक्की केलंयस."

त्याने काही केलं नव्हतं, पण आता होऊ लागलं. सरकार रोज त्याच्या शर्टाचे खिसे तपासून मगच शर्ट धुवायला टाकत. सोमवारी त्यांनी खिशात हात घातला नाही. शाळेच्या मुख्याध्यापिकेच्या चष्म्याच्या नंबराची चिठ्ठी शर्टाबरोबर धुऊन निघाली आणि लगद्याची गोळी होऊन हातात आली. चष्मेवाल्याने आठवून आठवून काचा बसवल्या. डाव्या डोळ्याची उजवीकडे गेली, उजव्याची डावीकडे. मंगळवारी मुख्याध्यापिका भिंत धरत धरत दुकानात आल्या.

"पायऱ्या माझ्या अंगावर चालून येतायत," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही दोन दिसताय. एक पुरे होता."

बुधवारी त्याच काचा बदलताना त्याने मंच उघडला, आणि हातातला स्क्रू खाली पडला. सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी त्याच्याच खात्यातून, त्याच्याच नावाने, त्याने न लिहिलेला मजकूर आला होता:

"छत्रीदादा, अख्ख्या गावात तुम्ही एकटे माझ्या बाजूने उभे राहिलात. हे उपकार विसरणार नाही. बाकी कुणावर राग नाही. मीच जास्त ठिकाणी हात घातला. इतके दिवस राहिले ही चूक झाली. आता निघते. तब्येतीला जपा."

खाली गोंधळ चालला होता. "चष्मेवाले, तुम्ही 'निघते' कधीपासून?" "दादा, बरं आहे ना?" स्वतः लोखंडी छत्रीही चक्रावली होती: "उपकार कसले? मी फक्त कलम सात सांगितलं होतं."

मग कुणीतरी लिहिलं, "खातं फोडलंय. हे सरकारचंच काम."

चष्मेवाला खुर्चीतून उठून उभाच राहिला. तीन आठवडे तो पुराव्यावाचून भांडत होता, आणि आज पुरावा आपल्या पायांनी चालत आला होता. 'निघते' या शब्दाकडे बघून दुसऱ्या कुणाला काहीतरी सुचलं असतं. पण माणूस एकदा पुढारी झाला की त्याला जवळचं दिसेनासं होतं. त्याच्यासाठी अजून चष्मा निघालेला नाही. त्याने लिहिलं:

"मित्रहो, माझ्या खात्यातून सरकार लिहितंय! आता तरी डोळे उघडा. सरकारमध्ये हिंमत असेल तर चोरून लिहू नये, समोर येऊन बोलावं."

अर्ध्या तासात चारशे पसंत्या मिळाल्या. वीज कचेरीवर शिष्टमंडळ न्यायचं आणि पुढे चष्मेवाल्याने चालायचं, असं ठरलंसुद्धा. तो आरशासमोर कॉलर नीट करत होता तेवढ्यात फोन वाजला.

"असशील तसा घरी ये," बायको म्हणाली. "आई बॅग भरतेय. मावशीकडे जाते म्हणते."

मावशी तिसऱ्या मजल्यावर राहायची. तिथे लिफ्ट नव्हती, आणि सरकारांचा गुडघा चार पायऱ्यांतच बोलू लागायचा. एकदा वर गेल्या की त्या पुन्हा खाली येणार नाहीत, हे तिघांनाही ठाऊक होतं.

तो धापा टाकत पोचला तेव्हा सरकार पलंगाच्या कडेला बसून टॉवेलची घडी घालत होत्या.

"गाडी आली होती. परत पाठवली," त्या शांतपणे म्हणाल्या. "समोर येऊन बोला म्हणालात, म्हणून थांबले."

"मी कधी म्हणालो?"

"चारशे लोकांदेखत म्हणालात." त्यांनी फोन पुढे केला.

चष्मेवाल्याने वाचलं. बायकोने त्याच्या खांद्यावरून वाचलं.

"अहो सरकार," तो कसाबसा म्हणाला, "हे तुमच्याबद्दल नाहीये. हे खऱ्या सरकारबद्दल आहे."

"म्हणजे चार वर्षं मी खोटी होते."

"तसं नव्हे हो. ते विजेचं सरकार. मीटरचं."

"आणि ते मीटरचं सरकार तुम्हाला विचारतं, आंघोळीला इतका वेळ कशाला?"

चष्मेवाल्याने बायकोकडे पाहिलं. तिकडून मदत येण्यासारखी नव्हती.

"व्याकरण बघा ना," त्याने शेवटचा प्रयत्न केला. "'सरकार मागे लागतं' असं लिहिलंय. नपुंसकलिंग. तुमच्याबद्दल असतं तर मी 'सरकार मागे लागतात' लिहिलं नसतं का?"

"तेच तर मनाला लागलं," सरकार म्हणाल्या. "तोंडावर अहो-जाहो, आणि पाठीमागे मला 'ते' करून टाकलंत."

बायको तोंडावर पदर घेऊन खिडकीकडे वळली. ती हसत होती की रडत होती ते कळायला मार्ग नव्हता. मग वळून म्हणाली, "पण तू आईचीच वाक्यं का घातलीस? दुसरी नव्हती का?"

"नव्हती," चष्मेवाला म्हणाला, आणि त्या दिवसातलं हे त्याचं पहिलं खरं वाक्य होतं. "त्या सरकारने मला आजवर काही म्हटलेलंच नाही. मी जेवलो का, गोळी घेतली का, त्याला पत्ताही नाही. माझ्या ओळखीचं सरकार एकच. मग दाखले आणखी कुणाचे देणार?" तो खाली सतरंजीवर बसला. "आणि छत्री म्हणत होती ते खरं झालं. अंधारी मला नाही आली, मुख्याध्यापिकाबाईंना आली. तुम्ही खिसे तपासले नाहीत म्हणून मी त्यांच्या काचा उलट्या बसवल्या."

सरकारांच्या हातातली घडी थांबली. "कुठल्या? त्या उंच बाई?"

"त्याच. भिंत धरून आल्या दुकानात."

"अगं बाई." टॉवेल बाजूला ठेवून त्या म्हणाल्या, "आपल्यात काय ते मिटेल. मी काही लहान मूल नाही. पण दोनशे चाळीस लोकांदेखत बाहेर काढलंत ना, त्यांच्याचदेखत आत घ्या. त्याशिवाय मी त्या औषधवालीला तोंड दाखवणार नाही."

"पण तिकडे शिष्टमंडळ निघतंय. मी पुढे आहे."

"गाडी पुन्हा बोलावू?" बायकोने विचारलं.

चष्मेवाला पलंगावर सरकारांच्या शेजारी बसला आणि तीन आठवड्यांची कमाई एका परिच्छेदात बुडवली. "सरकारने घराबाहेर जावं असं मी लिहिलं, ते चुकलं. सरकारने घरातच राहावं. सरकार लक्ष देतात म्हणून माझं चालतं. मी जाहीर माफी मागतो."

"'देतात' लिहिलंत," सरकार हळूच म्हणाल्या.

"हो."

पहिलं उत्तर लोखंडी छत्रीचं आलं. "अभिनंदन. कुठल्या कलमाने मत बदललं ते कळेल का?" पाठोपाठ त्याच्या बाजूचे लोक आले. फितूर झाला, विकला गेला, पुढारीपण औषधवालीला द्या. चष्मेवाला मान खाली घालून वाचत राहिला. तेवढ्यात त्याचा एक कट्टर पाठीराखा उगवला.

"थांबा. हा माणूस असं लिहिणारा नाही. दादा, घाबरू नका. सरकार तुमच्या शेजारी बसून हे लिहून घेतंय का? तसं असेल तर नुसतं 'हो' म्हणा."

चष्मेवाल्याने लगेच 'नाही' टाइप केलं.

"खोटं कशाला लिहिता?" सरकारांनी चष्म्यावरून पाहत विचारलं. गुडघा सरळ करून त्या त्याला अगदी खेटून बसल्या होत्या.

त्याने 'नाही' पुसलं आणि 'हो' लिहिलं.

पुढची पाच मिनिटं फोन हातात धरवत नव्हता. सातशे पसंत्या पडल्या. शिष्टमंडळाने वीज कचेरीचा बेत रद्द केला. चष्मेवाल्याला सरकारच्या तावडीतून सोडवायला चाळीस माणसं पाच वाजता थेट त्याच्या घरी निघणार होती. कलम कुठलं लागू होतं ते बघायला लोखंडी छत्रीही बरोबर येणार होती.

सरकारांनी ते दोनदा वाचलं. मग बॅग उघडून घड्या घातलेले कपडे एकेक करून पुन्हा कपाटात ठेवू लागल्या.

"राहताय ना?" चष्मेवाल्याने घाबरत घाबरत विचारलं.

"आता कशी जाऊ?" सरकार म्हणाल्या. "चाळीस माणसं मला भेटायला येतायत."