पणजीच्या मांडीवर

दसऱ्याच्या सकाळी हिम्मतरावांच्या अंगणात जामबागची निम्मी गल्ली गोळा झाली होती, आणि हिम्मतरावांच्या पोटात गोळा आला होता.

कारण समोरच उभं होतं. त्यांच्या बायकोचा, मंगलाबाईंचा, भाचा योगेश परदेशातून परतताना भलीथोरली मोटारसायकल घेऊन आला होता. कुकटपल्लीच्या त्याच्या घराला अजून कुंपण नव्हतं, म्हणून ती मावशीच्या अंगणात ठेवून गेला. गाडी कसली, अंबारी घातलेला हत्ती. सहा सिलिंडर, सोफ्यासारखी बैठक, गाणी ऐकायला रेडिओ. नव्या वाऱ्यांनी देशाची दारं उघडली होती खरी, पण त्यातून असलं काही गल्लीत शिरेल असं कुणाला वाटलं नव्हतं.

"तुमची काय हो?" असं शेजारच्या नामदेवरावांनी पहिल्या दिवशी विचारलं, तेव्हा हिम्मतराव नुसते हसले. नाही म्हणायचं राहून गेलं. मग त्या हसण्याला फांद्या फुटल्या. योगेशनं दिलेलं माहितीपत्रक वाचून ते रोज संध्याकाळी कट्ट्यावर कंपनीची कुळकथा सांगू लागले. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानात पेट्रोल मिळेना, तेव्हा सायकलीला चिमुकलं इंजिन जोडून या कंपनीनं संसार मांडला, आणि वाढत वाढत इथवर आली. ऐकणारे माना डोलवत. एकदा तर बोलण्याच्या भरात नामदेवरावांच्या स्कूटरला ते खटारा म्हणून गेले. नामदेवराव तेव्हापासून कट्ट्यावर यायचे थांबले. स्वतःची पेडलवाली लूना मात्र हिम्मतरावांनी भिंतीशी गोणपाटाखाली झाकली आणि विकली म्हणून सांगून टाकलं.

मंगलाबाई तांदूळ निवडताना मुद्दाम ऐकू जाईल असं गुणगुणत:

"दारी हत्ती पाहुण्याचा, झूल त्याची गं साजरी,
ओझं वाहते घरचं, माझी मुंगी मला बरी."

आज गल्लीनंच झेंडूचा हार आणला होता. हळदीकुंकू झालं, पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं गेलं. आता मालकानं गाडी त्यावरून न्यायची, एवढंच उरलं. हिम्मतरावांनी मुहूर्ताची सबब काढली, गुडघ्याची काढली. तेवढ्यात बऱ्याच दिवसांनी नामदेवराव फाटकातून आत आले.

"नुस्ती पुजून काय करायचं, भाऊ? जरा हल्लू पुढं घ्या. आमच्या खटाऱ्यानं सकाळीच लिंबू फोडलं."

हिम्मतराव चढले. स्टँड काढला. हत्तीनं एक सुस्कारा टाकावा तशी गाडी भिंतीकडे कलली. त्यांनी पाय रोवला, पण पायाचं ऐकणारं ते जनावर नव्हतं. सावकाश, अगदी लाजत लाजत, ती गोणपाटावर रेलली. गोणपाट घसरलं.

खाली लूना होती. हँडल वाकलेलं, पण भिंतीला पाठ लावून तिनं ते अवाढव्य धूड तोलून धरलं होतं.

"ही तर विकली होती ना?" नामदेवरावांनी शांतपणे विचारलं.

आणि नेमका त्याच वेळी सोनं म्हणून वाटायची जम्मीची, म्हणजे शमीची, पानं घेऊन योगेश फाटकात उभा राहिला.

हिम्मतरावांना वाटलं, लिंबाच्या जागी आपणच चाकाखाली असतो तर बरं. मान वर होईना. "गाडी ह्याची आहे," ते पुटपुटले. "माझी ती, खालची."

चौघांनी मिळून गाडी उभी केली. योगेशनं तिच्या अंगावरून हात फिरवला. ओरखडाही नव्हता.

"काका, सायकलीला इंजिन जोडूनच सुरुवात झाली, हे तुम्हीच सांगता ना सगळ्यांना?" तो म्हणाला. "मग काय, पडली ती पणजीच्या मांडीवर पडली. पणजी बरी पडू देईल."

गल्ली हसली. हिम्मतरावांना मात्र हसूही येईना. सगळ्या आयुष्याची भाजी, औषधं, शाळेची दप्तरं वाहिलेली ती मुंगी दसऱ्याच्या दिवशी बिनपुजेची गोणपाटाखाली होती, आणि तरी तिनंच लाज राखली होती.

मंगलाबाईंनी हत्तीच्या गळ्यातला हार काढून हिम्मतरावांच्या हातात दिला. त्यांनी तो वाकड्या हँडलला घातला, मोठ्या चाकाखालचं लिंबू उचलून छोट्या चाकाखाली ठेवलं आणि पेडल मारलं.

लिंबू फुटलं. पण वाकलेलं हँडल काही सरळ जाईना. लूना फाटकाबाहेर पडली, वळली, आणि फटफटत थेट नामदेवरावांच्या दाराशी, त्यांच्या स्कूटरजवळ जाऊन थांबली.

हिम्मतराव उतरले. पहिलं सोनं कुणाला द्यायचं, हे तिनंच ठरवलं होतं.