सहा नावांच्या गावाची आणि एका दाराची हकिकत

श्रीगजाननाचे चरणी माथा आणि सोंडेपाशी लाडू ठेवोन सांगतो, ऐकणाऱ्यांनी पाय सैल सोडोन बसावे. डोळा लागल्यास हरकत नाही, या राज्यात मोठमोठी कामे झोपेतच जाहली. शके सतराशे एकाहत्तर, सौम्य नाम संवत्सरे, फाल्गुन मासी, एका राज्यात मौजे मोहतळी म्हणोन गाव होते, तिथे ऐसे वर्तमान घडले.

त्या राज्याचा रिवाज ऐसा की, नवे सुभेदार आले म्हणजे गावाने त्यांस पोटभर जेवू घालावे, मग सुभेदारांनी दुपारी आडवे व्हावे, आणि झोपेत जे दिसेल ते गावाचे नाव व्हावे. पहिल्या सुभेदारांस बगळे दिसले, गाव बगळेपूर जाहले. दुसऱ्यांस जहाज दिसले, आणि समुद्र दीडशे कोस लांब असता गाव जहाजगाव जाहले. तिसऱ्यांस सासूबाई दिसल्या, ते दचकोन उठले, घाम पुसला, पण रिवाज तो रिवाज, मग गाव सासू बुद्रुक जाहले. चौथ्यांस मठ्ठा जास्त जाहला, काहीच दिसले नाही, तेव्हा नुसतेगाव. आणि गाव आपले जिथल्या तिथे, मोहाच्या झाडांखाली पेंगत राहिले.

त्या गावी थोरवतांचे घर, घरात चिमाऊ म्हणोन म्हाताऱ्या बाई कर्त्या होत्या. देवीच्या पालखीस पहिला खांदा थोरवतांचा, कारण ज्याच्या सात पिढ्या याच गावी नांदल्या त्यालाच तो मान. त्यावरी शेजारचे बाळोजी डांगे यांनी अर्ज केला की, सात पिढ्या दाखवा, नाहीतर खांदा आम्हांस द्या. पालखीस आठ दिवस राहिले, आणि चिमाऊंच्या तोंडचे पाणी पळाले. मग निंगाप्पा हेळवी यांस बोलावू धाडले. हेळवी म्हणजे बैलावर बसोन गावोगाव फिरणारे, घराघराच्या वंशावळी लिहोन ठेवणारे आणि मोठ्याने वाचोन दाखवणारे. निंगाप्पांचे घराणे मोठे इमानी, ज्या दिवशी गावाचे जे नाव, तेच वहीत लिहीत.

नवे पाचवे सुभेदार चावडीवर बसले, त्यांनी गावात अजोन डोळा मिटला नव्हता. निंगाप्पा बैलावरोनच वाचते जाहले, "थोरवत मानाजी, जन्म बगळेपूर, लग्न जहाजगाव, मरण सासू बुद्रुक. त्यांचे लेक नुसतेगावी नांदले."

सुभेदार म्हणाले, "अहो, हे घराणे आहे की लमाणांचा तांडा?"

बाळोजी म्हणाले, "सरकार, लग्नच जहाजगावी! खलाशीच असणार. चिमाकाकू, कधी बोलला नाहीत ते?"

हे ऐकोन चिमाऊंचे पुतणे तिथल्या तिथे दर्यावर्दी होऊन मिशांस पीळ देऊ लागले. चिमाऊ कडाडल्या, "गप रे मेल्यांनो! सरकार, हे मानाजी म्हणजे माझे आजेसासरे, उंबरा ओलांडायला दोनदा दम खायचे. ते कुठले जातात जहाजावर? न्हाणीत पाय घालायला भ्यायचे!"

सुभेदार म्हणाले, "आऊ, वहीत लिहिले ते आम्ही कसे पुसावे?"

तेव्हा चिमाऊ बैलाकडे पाहोन म्हणाल्या, "निंगाप्पाबाबा, तुम्ही लिहिता ते खरं, पण आमचं घर तुम्हांला कोण दाखवतं?"

"हाच की, आऊ. मी तर डुलक्या घेत येतो. याला याच्या बापानं दाखवलं, त्याला त्याच्या. आमच्यात म्हाताऱ्या बैलामागनं वासरू चालवत आणतात."

"मग सोडा त्याला."

मग कासरा सैल सोडला, आणि बैल निघाला, मागोन सुभेदार, मागोन सारा गाव. दुपारची वेळ, उन्हात मोहाच्या फुलांचा गोड वास साचला होता, बैलाच्या गळ्यातली घंटा हळू वाजत होती, आणि चालता चालता सर्वांस वाटू लागले की आपण कुणाच्या तरी स्वप्नातून जात आहो. बाळोजींनी पुढे धावत जाऊन आपल्या पायरीवर हिरव्या कडवळाची पेंढी टाकोन ठेविली होती. बैल थांबला, सावकाश सगळी पेंढी खाल्ली, बाळोजींकडे आभार मानल्यागत पाहिले, आणि पुढे चालता जाहला.

तो थेट चिमाऊंच्या दारी उभा राहिला आणि चौकटीस मान घासू लागला. त्या जागी सागाचे लाकूड झिजोन वीतभर खोलगट खळी पडली होती. सुभेदारांनी आत हात घातला, तो नदीतल्या गोट्याइतके गुळगुळीत. "हे किती बैलांचे काम?" त्यांनी पुसले.

निंगाप्पांनी बोटे मोजली. "हा सातवा, सरकार. घरात एक माणूस पिकला की आमच्यात एक-दोन बैल पिकतात, पण आमचे बैल हट्टाने लांब जगतात, पिढीस एकच पुरतो."

बाळोजी म्हणाले, "सरकार, बैलाच्या साक्षीवर निवाडा?"

सुभेदार म्हणाले, "बाळोजी, तुमची पेंढी खाऊनही जो फितला नाही, तसा साक्षीदार आम्हांस चावडीवर आजवर मिळाला नाही." आणि खांदा थोरवतांस बहाल केला. वर हुकूम ऐसा की, यापुढे वहीत आधी मोहतळी लिहावे, मग ऊर्फ घालोन त्या दिवशीचे नाव, म्हणजे मेलेली माणसे उगा गावोगाव भटकणार नाहीत.

मग चिमाऊंनी हर्षे पुरणपोळी वाढिली, सुभेदारांनी नऊ खाल्ल्या, आणि तिथेच ओसरीवर कलंडले. जागे होताच म्हणाले, "बैल दिसला." गाव नंदीपूर जाहले. चिमाऊंनी कपाळास हात लाविला, निंगाप्पांनी लेखणी बुडविली.

सारांश, पालखी निघाली, पहिला खांदा थोरवतांचा पडला, वहीत 'मोहतळी ऊर्फ नंदीपूर' ऐसे लिहिले गेले. बैलास यातले काही कळविले नाही. पुढल्या साली तो आला, मागे वासरू होते, आणि दोघे त्याच दारी थांबले.