बायलेचो वॉल्ट्झ

शेजारच्या सावंतकाकांसमोर काही गुणगुणायची सोय नाही. लगेच मालवणीत उलटतपासणी सुरू होते, "कोणाकडसून घेतलंस?" एकदा मी म्हटलं, "टूथपेस्टच्या जाहिरातीतून." काकांनी असं पाहिलं, जणू मी कुणाची तरी गाय सोडून आणली होती.

स्कोफिल्ड्स या आमच्या ऑस्ट्रेलियन उपनगरात सगळ्यांच्या गॅरेजमध्ये गाडी असते, काकांच्या गॅरेजमध्ये चटई. तिथे मांडी घालून ते फिडल वाजवतात. व्हायोलिनच ते, पण तसं म्हटलं की रागावतात. इथल्या खेड्यातल्या नाचांच्या जुन्या चाली त्यांना लेस नावाच्या म्हाताऱ्या गवळ्याने नुसत्या वाजवून शिकवल्या. "कागदार घातलंस की चाल मरता," हे काकांचं ठाम मत. प्रत्येक चालीची वंशावळ मात्र तोंडपाठ: ही लेसची, त्याला मामाकडून, मामाला मेंढ्या कातरायला आलेल्या कुणा आयरिश माणसाकडून.

एकाच चालीचं मूळ सापडत नव्हतं. लेस इथल्या उच्चारात 'टुडे'ला 'टुडाय' आणि 'मेट'ला 'माइट' म्हणणारा. तो म्हणाला होता, "बायलीज वॉल्ट्झ. बेस्ट गर्ल आय एव्हर हॅड, माइट." मालवणी कानाला त्यात 'बायल' ऐकू आली, म्हणजे बायको. काकांनी घरी येऊन सुमनकाकूंना सांगितलं, "हो बायलेचो वॉल्ट्झ. तुझो." मग रोज दुपारी तो वाजायचा. काकू आजारी पडल्या तेव्हा उशाशी बसूनही वाजवला. दोन वर्षांपूर्वी काकू गेल्या. तरी अजून दोरीवर कपडे वाळत असताना ती चाल कुंपणावरून तरंगत येते, आणि हातातलं काम हातातच राहतं.

लेसही गेला. गेल्या शनिवारी त्याची मुलगी चहाला आली. काकांनी मलाही बोलावलं होतं. चाल बांधली कुणी, ते आज कळणार होतं. काका अगदी हळू म्हणाले, "युवर मदर्स वॉल्ट्झ. हू मेड इट?"

"मम्स? नाह! बेली वॉज द डॉग. डॅडनेच बनवली, गाईंच्या धारा काढताना." बेलीचं लेसच्या तोंडी 'बायली' झालं होतं.

ती जाईपर्यंत काकांनी कसाबसा दम धरला. मग असे हसले की फिडल खाली ठेवावं लागलं. "वीस वर्सां बायलेक कुत्र्याचो वॉल्ट्झ आयकवलंय!" आणि हसता हसताच घराच्या दाराकडे वळून ओरडले, "गो सुमन, आयकलंस?"

मग त्यांनी फिडल पुन्हा मांडीवर घेतलं.

"आता ह्यां कोणाक सांगू?" काका म्हणाले.

मी त्यांच्याजवळ खाली बसलो. म्हटलं, "काका, मला सांगा. पहिल्यापासून."