छत्तीस नळ्या आणि एक पालथी पिशवी

बाबांना प्रयोगशाळेत यायला बंदी आहे. दारावर तसा कागद लावलाय, त्यावर विभागाचा शिक्का आहे आणि खाली सहीसुद्धा आहे. पण असं काही झालंच नाही असं धरून आपण मंगळवारी सकाळी साडेदहापासून सुरू करू. कारण मंगळवारी सकाळी साडेदहाला बाबा सन्माननीय पाहुणे होते, त्यांना चाकांची खुर्ची मिळाली होती आणि ती फिरते हे त्यांना नुकतंच कळलं होतं.

बाबा आले होते लेकीचा घरी राहिलेला चष्मा द्यायला. लेक पेशींवर संशोधन करायची. ती नेमकं काय करते हे आईला सांगता यायचं नाही. आई शेजारणींना "आमची बारीक बघते" एवढंच सांगून विषय मिटवायची. बाबांना मात्र लेकीचं काम पाठ होतं, कारण ते त्यांना आपलंच वाटायचं. बाबा चौतीस वर्षं टपालखात्यात सॉर्टर होते, पत्त्यांप्रमाणे पत्रं लावायचे.

"पेशीच्या आत प्रथिनं बनतात," लेकीनं एकदा जेवताना समजावलं होतं. "प्रत्येकाची जागा ठरलेली. आणि कुठं जायचं तो पत्ता त्याच्या अंगावरच असतो."

"पत्ता नसला तर?"

"बनलं तिथंच भटकत बसतं."

"बेवारस टपाल," बाबा म्हणाले. "आणि पोचल्यावर?"

"पुष्कळदा पत्त्याचा तुकडा कापून टाकतात."

"बरोबरच आहे. पाकीट फाडल्याशिवाय पत्र वाचणार कसं?" असं म्हणून बाबांनी पेशीच्या कारभाराला मान्यता दिली आणि ताक मागितलं.

लेकीचं सगळं घोडं एका प्रथिनापाशी अडलं होतं. हे प्रथिन म्हणजे एक दार. पेशीभोवती जे पातळ पटल असतं त्यात जाऊन बसायचं आणि बाहेरची साखर आत घ्यायची, एवढंच त्याचं काम. पण तीन वर्षं झाली, दार पटलापर्यंत पोचतच नव्हतं. वाटेत गॉल्जी म्हणून एक ठिकाण असतं, तिथं पेशी मालाची वर्गवारी करून तो पुढं धाडते. तिथं हे दार जे बसायचं ते बसायचंच. शुक्रवारी समितीची बैठक होती. लेकीच्या मार्गदर्शक मॅडमनी स्वच्छ सांगितलं होतं, "शुक्रवारपर्यंत दार जागेवर दिसलं नाही, तर समिती विषय बंद करणार. मग मलाही काही बोलता येणार नाही." म्हणजे तीन वर्षं पाण्यात.

त्या मंगळवारी प्रयोगशाळेचा फ्रीझर साफ करायला काढला होता. आतला सगळा ऐवज बर्फाच्या खोक्यांत मांडून ठेवला होता. तेवढ्यात मॅडमचं बोलावणं आलं.

"बाबा, बर्फ वितळायला लागला तर हाक मारा. बाकी कशाला हात लावू नका हं."

"मी कशाला हात लावतोय?" बाबा म्हणाले. हे वाक्य ते नेहमी हात लावायच्या आधी म्हणत.

बाबांसमोर लेकीचा डबा होता. डब्यात सहा ओळी, ओळीत सहा खाचा, खाचेत करंगळीच्या पेराएवढी नळी. नळीच्या टोपणावर एक ते सहा यांपैकी एक आकडा; त्याहून जास्त काही तिथं मावणं शक्यच नव्हतं. प्रत्येक नळीत डीएनएचा थेंब, म्हणजे एका प्रथिनाची कृती होती. पहिली ओळ केंद्रकात जाणाऱ्यांची, दुसरी पटलातल्या त्या दाराच्या सहा निरनिराळ्या नमुन्यांची, असं करत सहा ओळींचे सहा पत्ते. पण कुठली ओळ कुणाची हे लिहिलेलं होतं झाकणावर, आणि झाकण होतं खोक्याखाली. नळीची ओळख तिच्या जागेवरून. तिथं सगळे असंच करायचे आणि सगळ्यांना वाटायचं, याला हलवतंय कोण!

बाबांना काय दिसलं? सहा वेगवेगळ्या ठिकाणी सहा एक्के. दुक्के सहा ठिकाणी. चौतीस वर्षांत असा अंदाधुंद कारभार त्यांनी पाहिला नव्हता. पोरीचं टपाल पोचेल कसं? त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, बाह्या सारल्या, लेकीचे हातमोजे चढवले आणि खात्याचा पहिला नियम पाळला: आधी पिशवी पालथी करायची.

वीस मिनिटांनी लेक परत आली.

"बघ!" बाबांनी खुर्ची एक पूर्ण गिरकी फिरवली. "सगळे एक एका ओळीत. दोन दोनाच्या ओळीत. आता डोळे मिटून सापडतील."

लेकीनं डबा पाहिला. मग बाबांना पाहिलं. मग परत डबा पाहिला, जणू मधल्या काळात तो सुधारला असेल.

"बाबा... कुठली कुठल्या ओळीतली होती, लक्षात आहे?"

"ओळीचं काय? आकडे महत्त्वाचे ना?"

लेकीनं खोक्याखालून झाकण काढलं. तिनं सांगितलं तेव्हा बाबांनी हातमोजे काढले, नीट घडी करून ठेवले आणि खुर्चीवरून उतरून उभे राहिले. आता त्या खुर्चीवर आपला हक्क उरला नाही, असं त्यांना वाटलं.

"बाहेर पाठवून तपासून आणता येतं," लेक म्हणाली. "पण दहा दिवस लागतात. आज मंगळवार."

आईचा फोन आला. लेकीनं हकिकत सांगितली.

"त्यांना कपाटापाशी एकटं सोडलंस?" आई म्हणाली. "एवढी शिकलीस कशाला मग? मागं औषधांच्या बाटल्या उंचीप्रमाणे लावल्या होत्या, ते विसरलीस?"

बाबांनी घडी केलेले हातमोजे पुन्हा सरळ केले. मग हळूच म्हणाले, "अगं, एक विचारू? पाकीट भिजून पत्ता पुसला, तर आम्ही आतलं पत्र बघायचो. तू म्हणालीस ना, पत्ता अंगावरच असतो म्हणून?"

"हो, मग?"

"मग टाक पेटीत. जाईल तिथं जाऊ दे. कुठं पोचलं ते बघ आणि मागाहून नाव लिही."

लेकीनं डबा परत जवळ ओढला. तिच्या प्रत्येक प्रथिनाला हिरवं चमकणारं शेपूट जोडलेलं होतं. नळीतली कृती पेशींना दिली की दोन दिवसांत पेशी ते प्रथिन बनवणार, ते आपल्या ठिकाणी जाणार आणि तिथं चमकणार. केंद्रक चमकलं तर नळी केंद्रकाची.

"छत्तीसच्या छत्तीस टाकाव्या लागतील," ती म्हणाली. "खरं तर पस्तीसच. पटलाच्या ओळीतली सहा नंबर टाकाऊ आहे. माझ्या आधीच्या सीनियरनं वहीत तसं लिहून ठेवलंय. ती मी कधी वापरलीच नाही."

"मग ती वगळ."

"कुठली वगळू? सहा नंबरच्या सहा आहेत, बाबा! आता सगळ्या बहिणी दिसतात."

टाकाऊसकट छत्तीस नळ्या पेशींत गेल्या.

गुरुवारी सकाळी बाबा चाकांच्या खुर्चीपासून लांब, साध्या स्टुलावर बसले होते. लेक सूक्ष्मदर्शकातून बघत होती, मॅडम शेजारी उभ्या राहून लिहून घेत होत्या. केंद्रक. केंद्रक. गॉल्जी, जो कुणाचाच पत्ता नव्हता; म्हणजे तेच हट्टी दार. एकेक करून घरं भरत गेली. शेवटी एक सहा नंबर उरला.

लेकीनं सूक्ष्मदर्शकाचा स्क्रू पुढंमागं फिरवला.

"काय झालं? काहीच नाही का चमकत?" मॅडमनी विचारलं.

"मॅडम, कडी दिसतेय."

"कसली कडी?"

"हिरवी. पेशीच्या भोवती. पटलात आहे, मॅडम. दार पटलात आहे!"

मॅडमनी तिला बाजूला सारून स्वतः पाहिलं. मग चष्मा काढून पाहिलं. मग लेकीचा चष्मा लावून पाहिलं. कडी होतीच. दुपारपर्यंत साखर आत जातेय हेही मोजून झालं. लेकीनं परदेशी गेलेल्या सीनियरला फोन लावला.

"सहा नंबर ना? त्या दिवशी काहीच चमकलं नाही, म्हणून लिहिलं टाकाऊ," सीनियर म्हणाली. "मग आठवड्यानं कळलं, मी सूक्ष्मदर्शकाचा दिवाच लावला नव्हता. वहीत खोडायचं राहिलं बघ."

मॅडमनी बाबांना बोलावून सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितलं. बाबांनी बराच वेळ पाहिलं.

"पोचलं," ते म्हणाले, आणि काही कारण नसताना चष्मा पुसायला लागले.

शुक्रवारी समितीनं विषय चालू ठेवला. पद्धत कशी सुचली असं समितीनं विचारलं, तेव्हा लेकीनं खरं सांगितलं. समिती पोट धरून हसली आणि मग तो कागद दारावर लागला.

सोमवारी विभागप्रमुखांच्या टेबलावर एक अर्ज आला. अक्षर सुवाच्य, समास सोडलेला, पत्ता पिनकोडसह पूर्ण.

"महोदय, विषय: डबा पालथा करण्याची परवानगी मिळणेबाबत. उपरोक्त विषयास अनुसरून नम्रपणे कळवण्यात येते की, आपल्या विभागात असे एकूण दोनशे अकरा डबे असल्याचे अर्जदाराने खुर्चीवरून मोजले आहे. त्यांत आणखी किती टपाल टाकाऊ समजून पडून आहे, हे आजच्या पद्धतीने कळणे शक्य नाही. सबब, दारावरील कागद काढून, अर्जदारास दरवर्षी एकदा, कार्यालयीन वेळेत, एक डबा पालथा करण्याची लेखी परवानगी मिळावी, ही विनंती. हातमोजे अर्जदार स्वतःचे आणील. खुर्ची मात्र तीच मिळावी."