नानांचा कलकत्त्याचा सराव

आमच्या गावात कलकत्त्याला जायची तालीम होते. दर वर्षी दसरा जवळ आला की सर्जेरावनाना कडक इस्त्रीचा सदरा घालतात, शालनकाकींना ठेवणीतलं लुगडं नेसायला लावतात, दाराला कुलूप ठोकतात आणि भरलेली बॅग उचलून एसटी स्टँडवर जाऊन बसतात. दोघांचा एक एक कप चहा होतो. विट्याची गाडी येते, पुण्याची येते, दोन्ही निघून जातात. मग नाना घड्याळ बघून म्हणतात, "व्हय, टायमात पोचलो आसतो," आणि दोघं आली तशी घरी परत जातात.

वाटेत कुणी विचारलंच, "काय नाना, निघाला व्हय कलकत्त्याला?" तर नाना न थांबता सांगतात, "न्हाई गड्या. सराव."

मी त्यांचा शेजारी. पलूसच्या शाळेत मास्तर आहे. नवीन राहायला आलो तेव्हा मला हे प्रकरण ठाऊक नव्हतं, म्हणून मी भाबडेपणाने नारळ घेऊन त्यांना निरोप द्यायला स्टँडवर गेलो होतो. नानांनी नारळ ठेवून घेतला. दुसऱ्या दिवशी त्याची बर्फी आमच्याकडे आली.

नानांचं उभं आयुष्य कलकत्त्यात गेलं. आमच्या या पट्ट्यातली माणसं सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचं काम करतात, त्याला गलाई म्हणतात. त्यापायी गावंच्या गावं देशभर पांगली आहेत. कुठल्याही शहराच्या सराफ बाजारात जा, एखाद्या बोळात भट्टी पेटलेली असते आणि भट्टीपुढचा माणूस खानापूर नाहीतर पलूसकडचा निघतो. नाना मिसरूड फुटायच्या आधी गेले आणि केस पांढरे झाल्यावर परतले. वर्षातून एकदा, जत्रेला काय ते गावी यायचे. काकी इकडे सासू-सासरे आणि म्हशी सांभाळत राहिल्या. मूलबाळ झालं नाही.

पण नानांच्या तोंडून कलकत्ता ऐकावा! संध्याकाळी कट्ट्यावर बसले की आम्ही सगळे गप्प.

"पूल म्हंजे पूल, गुरुजी! आपल्या कृष्णेवरचं पूल त्येच्यापुढं पोरंटोरं. लोखंडाचा डोंगरच हुबा केलाय. आन नदीत खांब किती? एक बी न्हाई! पाण्यात पाय न घालता हुबा हाय गडी."

सगळ्या शहराचं मोजमाप नाना गावच्याच मापाने करायचे. "दुर्गादेवीचा मांडव बगावा. औंधच्या यमाईचा डोंगर आत घाला, वर कळसाला जागा उरंल. म्हयनोन् म्हयनं बांधत्यात, कापडाचा राजवाडा, बांबूचं देऊळ. आन सण झाला की मोडून मोकळं! एवढं मोडायला काळीज लागतं गुरुजी. आपल्याला लग्नाचा मांडव काढताना जिवावर येतं."

आणि आवाज खाली आणून, "देवीचं डोळं सगळ्यात शेवटी काढत्यात. तवर नुसती माती. डोळं काढलं की त्योच कारागीर हात जोडून हुबा ऱ्हातो."

हे ऐकताना माझ्या अंगावर दर वेळी काटा यायचा. काकी उंबऱ्यात शेंगा फोडत बसलेल्या असायच्या. त्यांना हे सगळं पाठ होतं. नाना एखादा तपशील गाळून पुढे सरकले तर त्या तिथूनच आठवण करून द्यायच्या, "आवं, कमळं ऱ्हायली. एकशेआठ कमळं वाहत्यात न्हवं?"

तालमीही नुसत्या स्टँडपुरत्या नव्हत्या. कलकत्त्यात रस्ता ओलांडणं अवघड, म्हणून नानांनी काकींना अंगणात शिकवलं. टॅक्सी स्वतः नानाच व्हायचे. तोंडाने हॉर्न वाजवत गोठ्याकडून सुटायचे आणि काकींनी तुळशीकडून विहिरीकडे जायचं. एकदा काकी मधेच थांबून म्हणाल्या, "टॅक्सीला दम लागलाय. पाणी आनू का?"

सगळं इतकं तयार असताना ही दोघं प्रत्यक्ष जात का नाहीत, हे गावाला कळत नव्हतं. कधी म्हैस व्यायला आलेली, कधी द्राक्षाची छाटणी, कधी नानांच्या पोटात अचानक कळ. काकी ठेवणीतलं लुगडं घडी घालून ठेवायच्या.

यंदा मात्र काकी एकट्याच माझ्याकडे आल्या. खुर्चीवर टेकताना त्यांनी दोन्ही गुडघे हाताने धरले.

"गुरुजी, मोबाईलवर तिकिटं निगत्यात न्हवं? काढा. डागदर म्हनतोय, गुडघ्याचं काय खरं न्हाई. आजून चालतंय तवर मला तेवढं बगायचं हाय. ह्येंस्नी सांगू नका. सांगितलं की सराव सुरू करत्याल."

मी तिकिटं काढली. पुण्याहून थेट हावडा. राहायची सोय गावच्याच एका गलाईवाल्याच्या खोलीत झाली. आमच्या भागात त्यासाठी एक फोन पुरतो. मला वाटलं, नाना खूश होतील.

त्याच फोनवरून बातमी फिरून नानांपर्यंत पोचली. पण नाना दुसऱ्या दिवशी सकाळी आले ते पडेल चेहऱ्याने. दार लोटून घेतलं.

"तिकिटं रद्द करा गुरुजी."

"का हो नाना?"

ते टोपी काढून हातात फिरवत बसले. "मी कलकत्ता बगितल्याला न्हाई."

मी हसलो. ते हसले नाहीत.

"दुकानात मालकाचं सोनं. ते सोडून जायचं कुटं? सणाला समदी पोरं देवी बगाय जायाची. राखायला माणूस लागायचा, विश्वासाचा. मालक म्हनायचा, सर्जेराव हाय न्हवं, मंग घोर न्हाई. म्हनून दर साली मीच मागं. पूल तेवढा बगितला, तो बी टॅक्सीतनं, मांडीवर ट्रंक घिऊन. पोरं येऊन रातभर बोलायची. त्येच मी गावाकडं आलो की हिला सांगायचो, मी बगितलं म्हनून."

"पण का?"

"ती हितं शेणात हात घालून बसल्याली. मी तितं धुरात बसतोय म्हनून सांगितलं आसतं तर रडली आसती. म्हनलं, नवरा चैनीत हाय म्हनून तरी खूश ऱ्हाईल." त्यांनी डोळे पुसले. "आता तितं गेल्यावर मला उजवं-डावं बी ठावं न्हाई. आयुष्यभर थापा मारल्या म्हनंल."

या माणसाने न पाहिलेलं शहर आम्हा सगळ्यांना डोळे दिपेपर्यंत दाखवलं होतं. मी एवढंच म्हणालो, "नाना, काकींच्या गुडघ्यांचा तरी विचार करा." ते उठले आणि घरी गेले. तिकिटं मी रद्द केली नाहीत.

निघायच्या दिवशी त्या दोघांनी स्टँडवर चहा घेतला आणि या वेळी पुण्याची गाडी आल्यावर दोघं आत चढली. अख्खा स्टँड उठून बघत होता.

सप्तमीच्या सकाळी नानांचा फोन आला. मागे ढाक, म्हणजे तिकडचे पूजेचे मोठे ढोल, वाजत होते.

"गुरुजी!" नाना ओरडले. "लय मोठं हाय वो. मी सांगितलं त्याच्यापरास लय मोठं. देवीपुढं हुबा ऱ्हायलो तर मान वर करून करून टोपी पडली माजी."

"आणि काकी?" मी भीत भीत विचारलं.

"मांडवातनं भायेर आलो तर कुटं वळायचं कळंना. भांबावून हुबा ऱ्हायलो. तवा तिनं इचारलं, 'तुमी कवाच आला न्हवता व्हय हितं?' म्हनलं, न्हाई. कुटंच गेलो न्हाई कवा."

ढाकांचा आवाज वाढला.

"तितंच पायरीवर बसली ओ ती. पदर डोळ्याला लावला. म्हनली, 'आदी सांगायचं न्हाई व्हय? एवढं सगळं तुमी माज्याबिगर बगून आलासा, म्हनून मी जलमभर झुरत हुती.'"