जखम तेवढी राहिली

“दाबून धरा. आणि सारखं उचलून उचलून बघू नका!”

फोनवरचा डॉक्टरीणबाईंचा हा आवाज वहिनींच्या कानातून काही केल्या जात नव्हता. त्या दिवशी त्यांच्या नवऱ्याच्या, म्हणजे मिस्त्रींच्या, अंगठ्याला लाकूड तासताना पटाशी लागली होती. लागली तीही ओझरतीच. पण मिस्त्रींना हृदयासाठी रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू होती, त्यामुळे ते रक्त थांबायचं नाव घेईना. वहिनींनी फडकं दाबून धरलं होतं, नाही असं नाही. पण ‘थांबलं असेल का?’ म्हणून दर दोन श्वासांनी त्या ते उचलून बघायच्या, आणि उचललं की पुन्हा धार.

“दूध आहे का ते, उतू जातंय का बघायला?” मिस्त्री त्याही अवस्थेत म्हणाले होते.

शेवटी थांबलं. अंगठा वाचला, फडकं वाया गेलं, आणि वहिनींची झोप उडाली ती उडालीच. घर वरच्या मजल्यावर आणि खाली कपाटं-टेबलं करायचा कारखाना. गोल करवतीचा आवाज जरा बदलला, की वहिनींचा हात कामातल्या कामात थबकायचा. आज अंगठा होता, उद्या मनगट असलं तर? रोजची प्रार्थना त्यांनी कधी चुकवली नव्हती. पण देव सगळ्यांची काळजी घेत असला, तरी जखम दाबून धरायला तो स्वतः थोडाच येतो? जवळ जो असेल त्याचेच हात वापरतो. आणि जवळ तर त्याच होत्या.

“अहो, मला रक्त थांबवायला शिकायचंय,” एके दिवशी त्या म्हणाल्या.

“त्यापेक्षा मला जपून काम करायला सांग की.”

“लग्न झाल्यापासून तेच सांगतेय. आता म्हटलं, दुसरं काहीतरी शिकावं.”

वहिनींचं बोलणं असं कापसासारखं मऊ असायचं; आतली सरकी चावल्यावरच कळायची.

शिकायचं ठरवलं खरं, पण शिकवणार कोण? गावात गाडी चालवायला शिकवणारे होते, केक करायला शिकवणारे होते, आठवड्यात इंग्रजी बोलायला शिकवणारे तर गल्लोगल्ली होते. रक्त थांबवायचं कुठे शिकवतात विचारलं, की लोक आधी वहिनींच्या हाताकडे बघायचे आणि मग म्हणायचे, “कुणाला लागलंय?” कुणाला लागलेलं नाही, लागायच्या आधी शिकायचंय, हे सांगितलं की त्यांच्या चेहऱ्यावर असा भाव यायचा, जणू वहिनी घराला आग लागायच्या आधीच बादल्या भरून बसल्या आहेत.

शेवटी वहिनींच्या धाकट्या दिराने, भाऊजींनी, एक वर्ग हुडकून काढला. एका सभागृहात एक सर ‘जीवनरक्षक शिबिर’ घेत होते. वहिनी पुढच्या रांगेत बसल्या. सरांनी पडद्यावर चित्रं दाखवली. हृदयाचं चित्र, रक्ताभिसरणाचं चित्र, मग सरांचं स्वतःचं पाहुण्यांबरोबरचं चित्र, मग दुसऱ्या पाहुण्यांबरोबरचं. टेबलावर बँडेजचा एक रोल होता, तो शेवटपर्यंत प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेर आला नाही.

वहिनींनी हळूच हात वर केला. “सर, मनगटाला लागलं तर नेमकं दाबायचं कुठे?”

“अरे वा, फार छान प्रश्न!” सर म्हणाले. “तो पुढच्या शिबिरात येतो.”

“तोवर रक्ताला थांबायला सांगू का?”

सभागृहात कोणी हसलं नाही, कारण वहिनींचा आवाज दुसऱ्या रांगेपर्यंतही पोचला नव्हता. प्रमाणपत्र मात्र मिळालं. ते सकाळीच छापून आलेलं होतं.

मग उरला मोबाइल. त्यावरच्या व्हिडिओत एक बाई समजावून सांगत होत्या. हातापायाचं रक्त नुसतं दाबून थांबलं नाही, तर जखमेच्या वर हा असा पट्टा बांधायचा, त्यातली दांडी पिळायची, दांडी खाचेत अडकवायची आणि बांधल्याची वेळ लिहून ठेवायची. वहिनींनी तसला पट्टा मागवला. दोन होते, एक महाग, एक स्वस्त. नुसता सरावच तर करायचाय, म्हणून त्यांनी स्वस्त घेतला.

पट्टा आला त्या दिवशी सकाळी त्या तो घेऊन कारखान्यात उतरल्या.

“अहो, जरा दंड द्या.”

“कसला?”

“तुमचा. डावा.”

मिस्त्री स्टुलावर बसले. वहिनींनी पट्टा कोपराच्या वर, सांधा सोडून बरोबर बसवला, ओढला आणि दांडी पिळायला लागल्या.

“आई गं! दुखतंय!”

“दुखलंच पाहिजे, असं त्या बाई म्हणाल्यात.”

“त्या बाईंना म्हणावं, तुमचा दंड द्या!”

वहिनींनी अजून एक पीळ दिला, दांडी खाचेत अडकवली, लाकडावर खुणा करायचा मार्कर उचलला आणि मिस्त्रींच्या कपाळावर ठसठशीत लिहिलं : ११.३०.

“झालं. आता सोडते हं,” असं म्हणून त्या दांडी खाचेतून काढायला गेल्या, तर काट्‌कन आवाज आला. दांडीचं अर्धं टोक वहिनींच्या हातात आलं, आणि उरलेलं अर्धं खाचेत असं रुतून बसलं, की पुढेही जाईना आणि मागेही येईना. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे दांडी मोडली तरी पीळ जागच्या जागी होता.

“कापून टाका!” भाऊजी धावत आले. हातात करवत.

“खबरदार!” मिस्त्री ओरडले. “रक्त पातळ आहे माझं! एक ओरखडा उठला तर तुम्ही पट्टा कुठे बांधणार? मानेला?”

पॉलिशवाल्याने कानस आणली. दुसऱ्याने पटाशी. कारखान्यात धार लावलेली एवढी हत्यारं होती, पण एकही मिस्त्रींच्या दंडाजवळ आणायची सोय नव्हती. पट्टा मांसात इतका बसला होता, की खाली नखसुद्धा जाईना. कात्री होती, पण तिने आजवर फक्त खरखरीत पॉलिशकागद कापला होता. तिने आता लोणीही कापलं नसतं. मिस्त्रींची बोटं जांभळट दिसायला लागली. वहिनींनी हातातल्या मोडक्या टोकाकडे बघितलं. नवऱ्याला वाचवायला निघालेल्या आपण, आणि हे काय होऊन बसलं?

“भाऊजी, गाडी काढा,” त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, पण भाऊजी करवत हातात घेऊनच गाडीकडे पळाले.

दवाखाना दोन गल्ल्यांवरच होता. नाव नोंदवायच्या खिडकीतल्या माणसाने मान वर केली, मिस्त्रींच्या कपाळावरचं वाचलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

“साडेअकराची वेळ होती ना तुमची? आता येताय होय? बसा तिकडे.”

“वेळ नाही हो ती, पट्टा आहे!” भाऊजी करवत नाचवत म्हणाले.

करवत बघितल्यावर खिडकी बंद झाली. पण तेवढ्या गलक्याने आतून एक सिस्टर बाहेर आल्या. त्यांनी आधी करवत बघितली, मग कपाळ, मग दंड, आणि काही न बोलता मिस्त्रींना आत नेलं. टोकाला बोथट आणि पोटाला धारदार अशी वाकडी कात्री त्यांनी अलगद पट्ट्याखाली सरकवली. कच्‌. पट्टा खाली पडला. मिस्त्रींनी असा सुस्कारा सोडला, की टेबलावरचा कापूस हलला.

सिस्टरांनी बोटं दाबून बघितली, नाडी बघितली, बोटं हलवायला सांगितली. “मोठ्या डॉक्टरांना एकदा दाखवू, पण काळजीचं दिसत नाही. बांधला कोणी हा?”

वहिनींनी खाली बघत बोट वर केलं.

“जागा बरोबर. सांधा सोडलाय. घट्ट आहे. वेळ लिहिली आहे.” सिस्टर पट्टा हातात फिरवत म्हणाल्या. “सगळं अगदी बरोबर केलंत. जखम तेवढी राहिली.”

“मी करवतीने पट्टा काढून देत होतो,” भाऊजी पुटपुटले.

“पट्टा मात्र नकली. आणि सराव जिवंत माणसावर इतका आवळून करायचा नसतो, बाई. आधी हातांनी दाबायला शिकायचं. शिकलात कुठे?”

वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. “कुठेच नाही हो. दोन महिने शोधतेय. कोणी शिकवतच नाही.”

सिस्टर बघतच राहिल्या. “दर बुधवारी दुपारी मी शिकवते. मागच्या खोलीत. फुकट. रबरी पाय आहे, त्यात खोल जखमा आहेत, कापड भरून दाबायचा सराव करायला. सूचनाही लावली आहे की!”

“कुठे?”

सिस्टरांनी वर बोट दाखवलं. मिस्त्री पडले होते त्या खाटेच्या बरोबर वर, छतावर, कागद चिकटवलेला होता.

“टाके घालताना लोक वर बघतात ना,” सिस्टर जरा ओशाळून म्हणाल्या. “म्हटलं, तेवढंच वाचतील.”

“म्हणजे शिकायला आधी जखमी व्हायला हवं,” मिस्त्री खाटेवरून म्हणाले.

“येतं कोणी?” वहिनींनी विचारलं.

“पहिल्या बुधवारी एक आजोबा आले होते. त्यांना दात काढायचा होता.” सिस्टरांनी कापलेला पट्टा डब्यात टाकला. “साहेब म्हणतात, या बुधवारी दहा माणसं नाही झाली, तर खोली साठवणीला द्या. मी आणि तो रबरी पाय, दोघंच किती दिवस एकमेकांकडे बघणार?”

वहिनींनी छतावरचा कागद पुन्हा एकदा वाचला. घराखाली कारखान्यात गोल करवत होती, मिस्त्रींचं रक्त उद्याही पातळच राहणार होतं, आणि शिकवणारी बाई सापडली ती खोली जायच्या बेतात असताना.

“दहा आणते,” त्या म्हणाल्या. “शब्द देते.”

“दहा? कुठून?” सिस्टर हसल्या. “मला चार महिन्यांत जमलं नाही.”

डॉक्टरांनी मिस्त्रींना बघून घरी जायला सांगितलं. बाहेर आल्यावर मिस्त्री दंड चोळत म्हणाले, “चला. दहातला पहिला मी ना?”

“तुम्ही, भाऊजी आणि कारखान्यातले तिघं. मी धरून सहा.”

“आणि उरलेले चार?”

“तुम्ही व्हा पुढे,” वहिनी म्हणाल्या. “मी येतेच.”

भाऊजींनी गाडी सुरू केली. वहिनी मात्र पुन्हा आत वळल्या. बाहेरच्या लांब बाकावर कोणाकोणाचे नातेवाईक बसले होते. धडधाकट, रिकामे, कंटाळलेले. खिडकीतल्या माणसाने वहिनींच्या हातात करवत नाही ना, ते आधी बघून घेतलं. वहिनी बाकाच्या टोकाशी बसल्या, पदर सावरला आणि शेजारच्या बाईकडे जरा झुकून, नेहमीपेक्षाही हलक्या आवाजात म्हणाल्या,

“ताई, बुधवारी दुपारी काय करताय?”