मातुश्री चिमाबाईसाहेबांचे काशीस जाणे राहिले आणि राज्यात पाव जाहले, त्याची हकीकत

॥ श्री ॥ अन्नपूर्णा माउली चुलीचुलीपाशी नांदो, अग्निनारायण बेताने प्रसन्न असो. शके सोळाशे एकोणऐंशी, ईश्वर नाम संवत्सरे, पौष मास. ते वर्षी पीकपाणी बहुत उत्तम जाहले, शत्रूची वार्ता नव्हती, आणि राजश्री रायाजीराव सुखरूप राज्य करीत होते. ऐसे असता त्यांच्या मातुश्री चिमाबाईसाहेब यांनी पंक्तीस येणे सोडिले आणि मग एके दिवशी आज्ञा केली की, "आम्ही काशीस जातो. तेथेच देह ठेवू. मेणा सिद्ध करा." राजे घाबरे जाहले, पाय धरिले, कारण पुसिले, परंतु मातुश्री काही सांगेनात. मग लोकांनीच कारण ठरविले. राजांचे लग्न नुकतेच जाहले होते आणि राणी मैनाबाई बंदरपट्टीहून आल्या होत्या, तेव्हा नव्या सुनेने सासूस घराबाहेर काढिले, ऐसे वाड्यात आणि बाजारात बोलो लागले.

ते मैनाबाईंच्या कानी आले आणि त्या बहुत रडल्या, आणि मग मन घट्ट करून सासूबाईंचे ताट आपणच घेऊन गेल्या. ताट ठेवून बाहेर आल्या, आणि पाणी द्यावयाचे राहिले म्हणून मागे फिरल्या, तो काय पाहतात? मातुश्री भाकरी दुधात भिजवितात, घास तोंडात घेतात, कळ येते म्हणून डोळे मिटतात, आणि घास काढून ठेवितात. दाढा गेल्या होत्या. मऊ भात मागावा तर तो लेकरांचा आणि आजाऱ्यांचा घास, ऐसा मानी स्वभाव. मैनाबाई पाऊल न वाजविता परतल्या आणि राजांसही बोलिल्या नाहीत, की थोरांची लाज आपण झाकावी.

मग त्यांनी माहेरच्या पेटीतून खमिराच्या, म्हणजे कणीक फुगविणाऱ्या आंबवणाच्या, वाळल्या वड्या काढिल्या. बंदरावरील पाववाल्याच्या बायकोपाशी त्या मऊ पाव करावयास शिकल्या होत्या. मुदपाकखान्यात जाऊन गव्हाचे पीठ चाळविले, आणि मेणा दारी आला या घाईत खमीर उकळत्या दुधात घातले. खमीर मेले, आणि भाजून निघाले ते गोटे. मुदपाकाचे दारोगा निंबाजी अदबीने बोलिले, "राणीसाहेब, हे तोफखान्यात पाठवू काय?" मैनाबाईंस रडता रडता हसू आले. मग उरली वडी घेतली, दूध बोट सोसेल इतकेच कोमट केले, साखर घातली, फेस आला तेव्हा पीठ भिजविले, लोणी लावून हात भरून येईतो मळिले. परंतु थंडी ऐसी की कणीक फुगेना. चुलीपाशी आच फार, आणि वाड्यात बेताची ऊब होती ती एक मातुश्रींच्या शेगडीपाशी.

तेव्हा मैनाबाई परात पदराखाली घेऊन तेथे गेल्या. मातुश्री बोलिल्या, "मन वळवावयास आलीस?"

"नाही, आईसाहेब. ऊब मागावयास आले. ही येथे निजवू द्यावी."

"हे काय बाळ आहे, निजवावयास?"

"वारा लागला तर रुसते खरे."

मातुश्रींनी आपली शाल काढून परातीवर घातली आणि दोघी बसल्या. काही वेळाने मातुश्रींनी शाल उचलून पाहिले, तो कणीक दुणावली होती. बोट टोचिले, खळगा हळूहळू भरून आला. "अगो, जिवंत आहे हे!" ऐसे बोलून त्या हसल्या, आणि पुढे गोळे वळावयास आपणच हात लाविला. मग गोळे पुन्हा फुगो दिले, आणि पातेल्यात लावून खाली निखारे, झाकणावर निखारे ऐसे भाजिले. वास चौकापर्यंत गेला आणि मेण्याचे भोईही उठून उभे राहिले.

मैनाबाईंनी पंक्तीत सर्वांस तेच वाढविले, की कोणी म्हणू नये, हे मातुश्रींसाठी केले. मातुश्री पंक्तीस आल्या. पाव मोडिला, वाफ निघाली. एक खाल्ला, दुसरा खाल्ला. राजे भीत भीत बोलिले, "आईसाहेब, मुहूर्त टळतो आहे."

"टळू दे. काशीस हे कोण करून घालील?" मग ताट बाजूस सारून सर्वांदेखत बोलिल्या, "ऐका. माझ्या दाढा पडल्या. सांगावयाची लाज वाटली म्हणून निघाले होते. सुनेस उगाच बोल लागला, तो माझ्यामुळे. माझी लाज राखावी म्हणून हिने अवघी पंगत पावावर बसविली. मी तिच्या नावास जपले नाही, तिने माझ्या तोंडास जपले."

मैनाबाईंनी खाली मान घालून विचारिले, "आणखी एक वाढू?"

"वाढ. आणि तूही बस माझ्याजवळ."

येणेप्रमाणे काशीयात्रा राहिली. भोयांस पाव आणि गूळ देऊन मेणा पागेत ठेविला. तेथून पाव वाड्याबाहेर बाजारात गेला आणि राज्यात घरोघरी होऊ लागला. मातुश्री पुढे बहुत वर्षे पंक्तीस बसल्या, आणि सुनेवाचून एक दिवस जेवल्या नाहीत. घडले तैसे लिहिले.